कोपरावर लावलेली बोली

३० सप्टेंबर २०२५च्या रात्री न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बेसबॉलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, गॅरेट क्रोशे या सहा फूट सहा इंच उंचीच्या डावखुऱ्या पिचरने यांकीजना अक्षरशः जखडून ठेवलं. ११७ चेंडू, ११ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) आणि एकालाही वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा फुकटचा बेस) नाही. मधल्या टप्प्यात तर लागोपाठ १७ बॅटर आले आणि गेले. बोस्टन रेड सॉक्सने सामना ३-१ असा जिंकला. मालिका तीनच सामन्यांची होती, त्यामुळे आणखी एक विजय मिळाला की काम फत्ते. दुसरा सामना ४-३ असा निसटला. २ ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यात बोस्टनने चेंडू दिला कॉनेली अर्लीच्या हातात. या पोराने मेजर लीगमध्ये तोवर जेमतेम चार सामने सुरू केले होते. त्याने पहिल्या तीन इनिंग झकास काढल्या. चौथीत यांकीजनी चार धावा वसूल केल्या आणि बोस्टनचा मोसम तिथेच आटोपला. समोरून कॅम श्लिट्लर नावाच्या दुसऱ्या नवख्याने आठ इनिंगमध्ये बारा जणांना स्ट्राइकआउट केलं. हा श्लिट्लर बोस्टनजवळच्या वॉलपोल गावचा आणि बोस्टनच्याच नॉर्थईस्टर्न विद्यापीठात खेळलेला. २०२२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सातव्या फेरीपर्यंत तो सगळ्यांसमोर होता, बोस्टनसमोरही. घेतला यांकीजनी.

इतक्या मोठ्या सामन्याला इतका नवखा गडी का? कारण दुसरं कोणी उरलंच नव्हतं. टॅनर हाउकच्या कोपरावर ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली होती. हंटर डॉबिन्सचा गुडघा जुलैत पहिल्या बेसकडे धावताना गेला. कटर क्रॉफर्ड वर्षभर मैदानात उतरलाच नाही. लुकास जिओलिटोचं कोपर ऐन प्लेऑफच्या तोंडावर दुखायला लागलं. त्या वर्षी ३१ जुलैला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत होती. त्या दिवशी बोस्टनने लॉस एंजेलिस डॉजर्सकडून डस्टिन मे याला आणलं होतं, पण बोस्टनसाठी खेळताना त्याचा ईआरए राहिला ५.४० आणि सप्टेंबरात तोही कोपर धरून बसला. ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावांची सरासरी. चारच्या आत असला तर बरा, तीनच्या आत असला तर उत्तम.

तेव्हापासून बोस्टनकरांचा एक वाद रंगला आहे. जुलैत पदरचे चांगले होतकरू खेळाडू देऊन एखादा खणखणीत पिचर आणायला हवा होता की नाही? माझ्यापुरता याचा निकाल सोपा आहे: आणायला हवा होता. पण धाडस म्हणजे तिजोरी मोकळी सोडणं असा अर्थ घेतला, तर बोस्टनचाच इतिहास आडवा येतो. पिचरच्या बाजारात खरा प्रश्न पैसा किती लावला हा नसतो. काय देऊन घेतलं, कोणत्या वयात घेतलं आणि किती वर्षांसाठी अडकलो, यावर सगळं ठरतं.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला पिचर समजावताना बोलरची उपमा सुचते, पण ती अर्ध्या वाटेवरच थांबते. क्रिकेटचा कप्तान पाच-सहा बोलर आलटूनपालटून वापरतो. एकाला मार पडला तर दुसरा आणतो आणि पहिला तासाभराने पुन्हा गोलंदाजीला येतो. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, एकट्याने पाच-सहा-सात इनिंग रेटतो, आणि एकदा बाहेर गेला की त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. नव्वद-शंभर चेंडू टाकले की पुढचे चार-पाच दिवस त्याला सुट्टी. मोसम असतो १६२ सामन्यांचा, सहा महिने जवळजवळ रोज. त्यामुळे कागदावर पाच स्टार्टर लागतात आणि प्रत्यक्षात आठ-दहा, कारण त्यातले बरेच जण कधी ना कधी जायबंदी होतातच. ऑक्टोबरातल्या प्लेऑफमध्ये मात्र मध्ये विश्रांतीचे दिवस असल्याने तीन-चार स्टार्टरांवर निभावतं. एप्रिल ते सप्टेंबर संख्या हवी आणि ऑक्टोबरात दर्जा. संघाच्या व्यवस्थापकांची निम्मी डोकेदुखी यातून येते.

उरलेली निम्मी येते कोपराच्या आतल्या बाजूच्या एका बंधातून. दंडाचं हाड आणि पुढल्या हाताचं हाड यांना बांधून ठेवणारा हा तंतुमय पट्टा जेमतेम काही सेंटिमीटरचा असतो. चेंडू फेकताना खांदा आधी मागे पिळला जातो आणि मग सेकंदाला सुमारे ७००० अंश इतक्या वेगाने पुढे उलगडतो. माणसाच्या शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींमध्ये ही हालचाल मोजली जाते. या झटक्यात कोपरावर येणारा पीळ, हा बंध एकटा जेवढा सोसू शकेल त्याच्या जवळपास दुप्पट असतो, असं प्रयोगशाळेतल्या मोजमापांतून दिसतं. बाकीचा भार भोवतालचे स्नायू उचलतात. स्नायू थकले की हिशेब बंधाच्या अंगावर येतो. त्यात चेंडूचा वेग वाढतोच आहे. २००८मध्ये मेजर लीगमधला सरासरी फास्टबॉल ताशी ९१ मैलांच्या आसपास होता, २०२४मध्ये तो ९४च्या वर गेला. डिसेंबर २०२४मध्ये मेजर लीगने स्वतःच पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला. वेगाचा हव्यास, चेंडूला जास्तीत जास्त वळण देण्याची धडपड आणि प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकण्याची सवय, ही कारणं त्यात पुढे आली. पंचाईत अशी की याच तीन गोष्टींमुळे पिचरला भाव येतो. ज्या गुणासाठी तुम्ही पैसे मोजता, तोच गुण माल खराब करतो.

तुटलेला बंध नव्याने बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉजर्सच्या टॉमी जॉनवर पहिल्यांदा केली. त्याच्याच दुसऱ्या हाताच्या मनगटातला स्नायुबंध काढून कोपरात बसवला. जॉन १९७६मध्ये परतला आणि १९८९पर्यंत खेळत राहिला. कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ त्याने शस्त्रक्रियेनंतर मिळवले. आज शस्त्रक्रियेचं नावच टॉमी जॉन आहे. पिचर परत येतो हे खरं, पण त्यात वर्ष-दीड वर्ष जातं. आणि मेजर लीगमधल्या करारांची रक्कम हमीची असते, त्यामुळे खेळाडू घरी बसला तरी पगार चालू राहतो.

वॉशिंग्टन नॅशनल्सला विचारा. स्टीव्हन स्ट्रासबर्ग २०१९च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि डिसेंबरात क्लबने त्याला सात वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलर देऊ केले. त्यानंतर तो आठ सामने खेळला, एक जिंकला आणि २०२४मध्ये निवृत्त झाला.

बोस्टनची गोष्ट मात्र जास्त गुंतागुंतीची आहे, म्हणून जास्त बोलकीही. नोव्हेंबर १९९७मध्ये त्यांनी मॉन्ट्रियलला दोन तरुण पिचर देऊन पेद्रो मार्टिनेझला आणलं आणि सहा वर्षांसाठी ७.५ कोटी डॉलरचा करार केला. पिचरसाठी तोवर एवढी रक्कम कोणी दिली नव्हती. पेद्रो अंगाने किरकोळ. आधी डॉजर्सनी त्याला मॉन्ट्रियलकडे पाठवलं होतं तेही हे शरीर स्टार्टरचं ओझं पेलणार नाही, या शंकेपोटी. बोस्टनला आला तेव्हा तो २६ वर्षांचा होता. बोस्टनसाठी सात मोसमांत तो ११७ सामने जिंकला, ३७ हरला. २००४मध्ये ८६ वर्षांचा दुष्काळ संपवून बोस्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि त्याच हिवाळ्यात पेद्रोने चौथं वर्ष मागितलं. बोस्टनने हात जोडले. न्यू यॉर्क मेट्सनी चार वर्षं दिली. पहिलं वर्ष छान गेलं, पुढची बरीचशी डॉक्टरांकडे. आणताना धाडस आणि सोडताना कोरडेपणा, दोन्ही अचूक.

तोच क्लब दहा वर्षांनी नको तिथे कंजूष झाला. जॉन लेस्टर हा घरचा, बोस्टनच्याच यंत्रणेतून वर आलेला पिचर. वय तिशीचं, हाताला मोठी दुखापत कधी नाही. २०१४च्या सुरुवातीला त्याला चार वर्षांसाठी ७ कोटी डॉलर देऊ केले गेले. बाजारभाव त्याच्या दुप्पट होता. जुलैत त्याला ओकलंडला देऊन टाकलं, हिवाळ्यात तो १५.५ कोटींवर शिकागो कब्जकडे गेला आणि २०१६मध्ये कब्जनी वर्ल्ड सिरीज जिंकली. इकडे लेस्टरची जागा भरायला बोस्टनला वर्षभरातच डेव्हिड प्राइसला २१.७ कोटी द्यावे लागले. प्राइस २०१८च्या विजेतेपदात मोलाचा ठरला, पण फेब्रुवारी २०२०मध्ये त्याला लॉस एंजेलिसला पाठवताना उरलेल्या पगारातला निम्मा वाटा बोस्टननेच भरायचा ठरला.

आता ख्रिस सेल. डिसेंबर २०१६मध्ये बोस्टनचे तेव्हाचे प्रमुख डेव्ह डोंब्रोव्स्की यांनी शिकागो व्हाइट सॉक्सला योआन मोंकाडा, मायकेल कोपेक आणि आणखी दोघे देऊन त्याला आणलं. मोंकाडा तेव्हा देशातल्या सर्वांत नावाजलेल्या होतकरूंपैकी एक होता. सेल अफाट पिचर आणि तितकाच तापट. त्याच वर्षी जुन्या धाटणीची जर्सी घालायला लावली म्हणून त्याने सगळ्या संघाच्या जर्सी कापून टाकल्या होत्या आणि पाच दिवसांची बंदी ओढवून घेतली होती. बोस्टनला आल्यावर २०१७मध्ये त्याने ३०८ स्ट्राइकआउट घेतले. २८ ऑक्टोबर २०१८ला वर्ल्ड सिरीजचा शेवटचा चेंडू त्याचाच: मॅनी मचाडो चेंडूवर झेपावला, हुकला आणि गुडघ्यावर टेकला.

होतकरूंच्या बदल्यात पिचर घेणं म्हणजे भविष्य विकणं, अशी ओरड तेव्हा झाली होती. त्या भविष्याचं काय झालं ते पाहा. कोपेकच्या कोपराची शस्त्रक्रिया २०१८मध्ये, मेजर लीगमधल्या चार सामन्यांनंतर लगेच. मोंकाडाचा २०१९चा मोसम सुरेख, पुढचे बेताचे. व्हाइट सॉक्स २०२४मध्ये १२१ सामने हरले, जो आधुनिक काळातला पराभवांचा विक्रम आहे. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण बेसबॉलच्या होतकरूंना चपखल बसते.

म्हणजे सेलला आणण्याचं धाडस शंभर टक्के फळलं. बुडाले ते पुढच्या व्यवहारात. मार्च २०१९मध्ये सेलच्या जुन्या कराराचं एक वर्ष शिल्लक होतं. २०१८च्या उन्हाळ्यापासून त्याचा खांदा कुरकुरत होता, चेंडूचा वेग घसरला होता. आणखी सहा महिने थांबलं असतं तर सगळं डोळ्यांसमोर दिसलं असतं. पण विजेतेपदाचा गुलाल अजून अंगावर होता. पाच वर्षांसाठी १४.५ कोटी डॉलरवर सही झाली. त्याच मोसमात सेलचा ईआरए ४.४० झाला, मार्च २०२०मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, २०२२मध्ये आधी बरगडी, मग यांकीजच्या बॅटरने परत मारलेल्या चेंडूने बोट आणि मग सायकलवरून पडून मनगट मोडलं. २०२० ते २०२३ या चार वर्षांत मिळून सामने फक्त ३१. दुधाने तोंड पोळलेल्या बोस्टनने मग ताक फुंकून प्यायला सुरुवात केली. डिसेंबर २०२३अखेर सेलला अटलांटाकडे सोपवलं आणि वर १.७ कोटी डॉलर दिले, बदल्यात व्हॉन ग्रिसम हा तरुण इन्फिल्डर घेतला. ग्रिसम बोस्टनमध्ये रुजलाच नाही. सेलने २०२४मध्ये १८ विजय, २.३८ ईआरए आणि २२५ स्ट्राइकआउट अशी कामगिरी करून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला.

त्याच हिवाळ्यात बोस्टनने जो सुरक्षित पर्याय निवडला तो होता लुकास जिओलिटो, दोन वर्षांसाठी ३.८५ कोटी. रक्कम माफक, मुदत कमी. मार्च २०२४मध्ये, मोसमातला एकही चेंडू टाकण्याआधी, त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली. जपून चालण्याने पैसे वाचतात, कोपर वाचत नाही. त्या वर्षी बोस्टन ८१ सामने जिंकलं आणि ८१ हरलं.

डिसेंबर २०२४मध्ये बोस्टनचे तेव्हाचे प्रमुख क्रेग ब्रेस्लो यांनी पवित्रा बदलला आणि क्रोशेला आणलं. ब्रेस्लो स्वतः एकेकाळचे डावखुरे पिचर, येलमधून जैवभौतिकी शिकलेले. पुन्हा व्हाइट सॉक्सच, पुन्हा सहा फूट सहा इंचांचा डावखुरा, पुन्हा चार होतकरू. क्रोशेची टॉमी जॉन २०२२मध्ये झालेली, आणि अख्खा मोसम स्टार्टर म्हणून तो एकदाच खेळलेला: त्या १२१ पराभवांच्या वर्षी, १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट. जोखीम उघड होती आणि किंमतही खरी होती. दिलेल्यांपैकी काइल टील हा कॅचर आणि चेस मायड्रॉथ हा इन्फिल्डर लगेच पुढच्या मोसमात शिकागोसाठी नियमित खेळू लागले. एप्रिल २०२५मध्ये बोस्टनने क्रोशेशी १७ कोटींचा सहा वर्षांचा करार केला. वरवर पाहता सेलची पुनरावृत्तीच. फरक वयात आहे. सेल सही करताना तिशीला टेकला होता, क्रोशे पंचविशीत होता. सेलला दिलेला पैसा बराचसा झालेल्या कामाचा होता, क्रोशेचा येणाऱ्या कामाचा. २०२५मध्ये क्रोशेने १८ सामने जिंकले, २५५ स्ट्राइकआउट घेऊन अमेरिकन लीगमध्ये पहिला आला.

सावधगिरीच्या बाजूनेही एक भक्कम दाखला आहे आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. २०१४च्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोजनी पहिल्या क्रमांकावर ब्रेडी एकेन हा शाळकरी पिचर निवडला, ६५ लाख डॉलरवर बोलणी ठरली. वैद्यकीय तपासणीत त्याच्या कोपराचा तो बंध त्यांना खटकला, रक्कम खाली आणली, बोलणी फिसकटली. ह्यूस्टनवर चौफेर टीका झाली. पुढच्या मार्चमध्ये एकेनची शस्त्रक्रिया झाली आणि तो मेजर लीगपर्यंत कधी पोहोचलाच नाही. सही न झाल्याची भरपाई म्हणून ह्यूस्टनला २०१५मध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली. त्यांनी घेतला अॅलेक्स ब्रेगमन, जो २०१७च्या त्यांच्या विजेत्या संघात होता आणि २०२५मध्ये योगायोगाने बोस्टनच्या तिसऱ्या बेसवर उभा होता. पण ही सावधगिरी कसली होती ते पाहा. एका विशिष्ट कोपराचा एमआरआय पाहून घेतलेला तो निर्णय होता. ‘पिचर म्हटला की जपून’ असं सरसकट धोरण त्यामागे नव्हतं.

धाडस स्वस्तातही करता येतं. २००८मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंशी करार केला. भारतात झालेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ या चेंडूफेक स्पर्धेतून ते पुढे आले होते आणि त्याआधी त्यांचा बेसबॉलशी काहीही संबंध नव्हता. दोघेही मेजर लीगपर्यंत गेले नाहीत. रिंकू पुढे व्यावसायिक कुस्तीत शिरला, दोघांवर डिस्नेने चित्रपट काढला. क्लबचं नुकसान किरकोळ, प्रयोग मजेदार. पण एखादा संघ अशा प्रयोगांवर ऑक्टोबर जिंकत नाही.

ऑक्टोबर कसा जिंकतात हे सध्या डॉजर्सकडून शिकावं. त्यांनी पिचर मोडणार हे गृहीतच धरलं आहे. योशिनोबू यामामोतोने मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकला नव्हता तेव्हा, डिसेंबर २०२३मध्ये, त्याला १२ वर्षांसाठी ३२.५ कोटी दिले, वय २५. त्याच महिन्यात दुखापतींसाठीच प्रसिद्ध असलेला टायलर ग्लासनाउ आणला. पुढच्या हिवाळ्यात ब्लेक स्नेलला १८.२ कोटी. स्नेल येण्याआधीच्या, २०२४च्या प्लेऑफमध्ये एवढं करूनही त्यांच्याकडे धडधाकट स्टार्टर तीनच उरले, त्यातला जॅक फ्लॅहर्टी जुलैअखेर आणलेला. तेवढ्यावर वर्ल्ड सिरीज जिंकली. २०२५च्या वर्ल्ड सिरीजमध्ये टोरांटोविरुद्ध यामामोतोने तीन सामने जिंकले. सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकून दुसऱ्याच दिवशी सातव्यात पुन्हा उतरला आणि अकराव्या इनिंगपर्यंत सामना ओढून संपवला. दहा कोपरं विकत घ्या, ऑक्टोबरात तीन शाबूत राहतील, असा हा सरळ हिशेब आहे. डॉजर्सची तिजोरी सगळ्यांकडे नसते हे मान्य, पण बोस्टन काही गरीब क्लब नाही.

२०२५-२६च्या हिवाळ्यात बोस्टनने हालचाल केली. सेंट लुइसहून ३६ वर्षांचा सनी ग्रे आणला. पलीकडून व्यवहार करणारे होते चेम ब्लूम, ज्यांना बोस्टनने २०२३मध्ये काढलं होतं आणि ज्यांच्या काळात हात आखडता घेतल्याची तक्रार सतत व्हायची. या वेळी बोस्टननेच सेंट लुइसकडून पिचरसोबत पैसेही घेतले. ग्रेचा सौदा मला पटतो. मुदत थोडी, अपेक्षा मर्यादित, मोडला तरी क्लब मोडत नाही. जानेवारीत रेंजर सुआरेझला पाच वर्षांसाठी १३ कोटी देऊ केले ते मात्र जड जातं. पिचर हुशार आहे, संथ वेगावर जगतो, प्लेऑफमध्ये घाबरत नाही. पण एकाही मोसमात त्याने १६० इनिंग टाकलेल्या नाहीत आणि वय तिशीचं आहे, म्हणजे चौथं-पाचवं वर्ष चौतिशीत जाणार. बोस्टनकडे तेव्हा जारेन डुरान, विल्यर अब्रेऊ, सेडॅन राफाएला आणि रोमन अँथनी असे चार आउटफिल्डर होते आणि जागा तीन. त्यातला एक आणि सोबत एखादा होतकरू देऊन पंचविशी-सत्ताविशीतला स्टार्टर मागायला हवा होता. त्याचं कोपर आधी एकदा दुरुस्त झालेलं असलं तरी हरकत नव्हती.